उमरग्याच्या चुलीपाशी शिकायला बसताना

भाकरी शिकायला बसणार असाल तर अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवा आणि वही पिशवीतच राहू द्या. उमरग्यात एका घरी मी पहिल्यांदा शिकायला गेले तेव्हा वही उघडून, पेन काढून पाटावर बसले होते. पीठ किती घ्यायचं ते विचारलं, पाणी किती ते विचारलं. काकूंनी दोन्हीचं एकच उत्तर दिलं, "नुसतं बगू नको, पिठात हात घाल." तासाभराने माझी तिसरी भाकरी तव्यावर गेली, तेव्हा कुठे माझ्याकडे लिहिण्यासारखं काही जमलं. त्याआधी लिहिलं असतं ते सगळं ऐकीव झालं असतं.

तेव्हापासून कुणी विचारलं, की तिकडचा स्वयंपाक शिकायचाय, कसं जमवू, तर मी आधी एवढंच सांगते: घरी शिकायला गेल्यावर कृती मागू नका, काम मागा. शेंगा सोला, भाजी निवडा, लसूण सोला, पाणी भरा. कृती त्या कामातूनच हाताला लागत जाते, कारण शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात ती वेगळी काढून ठेवलेली नसतेच.

परगावी गेल्यावर तिथल्या एखाद्या घरात जाऊन रांधायला शिकायची पद्धत आता जगभर रुजली आहे. स्कॉटलंडमध्ये घरच्या ओट्यापाशी उभं करून ओटची भाकरी आणि लापशी शिकवणारे लोक आहेत, आणि प्रवासी त्यासाठी मुद्दाम वेळ काढतात. आपल्याकडे मात्र मराठवाड्याचं जेवण शिकायचं म्हटलं की माणूस पुण्या-मुंबईतल्या एखाद्या खानावळीच्या ताटावरच थांबतो. त्या ताटात झणझणीत रस्सा असतो. पण उमरग्याच्या घरात रोज काय शिजतं, ते त्यात नसतं.

उमरगा धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला आहे. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ गावातूनच जातो. पुढे कर्नाटकातलं बसवकल्याण आणि खाली आळंद, दोन्ही जवळच. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये उमरगा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्यामुळे बाजारात मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही बोली कानावर पडतात आणि स्वयंपाकघरांतही तिन्हींची ये-जा आहे. एका घरी ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकेल अशी वाळवून ठेवलेली असते, तर शेजारच्या घरी खिचडीबरोबर चिंचेचा खट्टा असतो. रेल्वेने सोलापूरपर्यंत यावं आणि पुढे एसटीने दोन-अडीच तास, हा सोपा मार्ग. शक्यतो आदल्या संध्याकाळीच पोचा, कारण चूल पहाटे पेटते.

कधी जायचं हे आधी ठरवा. आपल्याला कधी सुट्टी आहे यावरून ते ठरवू नका, शेतात काय उभं आहे ते बघा. चैत्र-वैशाखात काळं तिखट, कुरडया, शेवया आणि पापड होतात. वाळवणाच्या दिवसांत घरात हात कमी पडतात, त्यामुळे मदतीला आलेली पाहुणी कुणालाच जड होत नाही. पण या दिवसांत पाण्याची टंचाई असते, हे विसरू नका. श्रावणात नागपंचमीला चिरणं, कापणं, भाजणं वर्ज्य. तवा चढत नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. वाफेवर शिजणारे पदार्थ शिकायला तो दिवस चांगला. आणि मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे साधारण डिसेंबरचा शेवट किंवा जानेवारीची सुरुवात, हा या भागातला सगळ्यात मोठा दिवस. पंचांगात ती वेळ अमावस्या असते, लोक येळवस म्हणतात. वर्षातून एकदाच जाता येणार असेल तर येळवशीला जा. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

घर कसं मिळवायचं? पाटी लावलेला वर्ग शोधत बसू नका, माणूस शोधा. तुमच्या सोसायटीत, कार्यालयात, मुलांच्या शाळेत उमरगा, लोहारा, निलंगा, औसा इकडचं कुणी ना कुणी निघतंच. त्यांच्या आईला, चुलतीला, मावशीला विचारायला सांगा. ओळख नसेल तर बचत गटाचा रस्ता आहे. 'उमेद' अभियानाचे महिला गट गावोगावी आहेत, पंचायत समितीत गेलात तर कुणाशी बोलायचं ते कळतं. या पट्ट्यातल्या महिला गटांना आणखी एक इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं उद्ध्वस्त झाली. घरं पुन्हा उभारण्याच्या कामात गावातल्या बायका पुढे आल्या आणि 'स्वयं शिक्षण प्रयोग'सारख्या संस्थेबरोबर पुढे शेतीच्या कामालाही लागल्या. थोडंसं शेत घरच्या खाण्यासाठी राखायचं आणि त्यात ज्वारी, कडधान्यं, भाज्या मिसळून घ्यायच्या, असा आग्रह धरणाऱ्या बायका तिथे भेटतात. अशा बाईकडे शिकायला मिळालं तर स्वयंपाकाबरोबर धान्यही शिकून याल. एक मात्र पाळा: भूकंपाचा विषय आपण होऊन काढू नका. त्यांनी काढला तर हातातलं काम थांबवून ऐका.

फोनवर बोलताना त्या बाईशीच बोला. घरातला मुलगा किंवा दीर उत्साहाने "या की, कवाबी या" म्हणेल, पण राबणार ती आहे. तिला विचारा, तुमच्या सोयीचा दिवस कोणता, त्या दिवशी घरात काय करणार आहात, मी त्यातच सामील होऊ का. माझ्यासाठी मुद्दाम काही करू नका, हे दोनदा सांगा. नाहीतर पाहुणा आला म्हणून गुलाबजाम आणि मसालेभात होतो आणि जे शिकायला गेलात ते राहूनच जातं. मी एकदा ही चूक केली आहे. सांगायचं राहिलं आणि ताटात पनीर आलं. त्या घरातल्या सुनेने पनीर तालुक्याच्या दुकानातून मुद्दाम मागवलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि तिने इतक्या मायेने वाढलं होतं की बोलायची सोय नव्हती.

पैशाचंही फोनवरच ठरवा. शेवटी निघताना दारात चाचरत नोट पुढे केली की "पाहुण्याकडून कुठं पैसे घेतेत व्हय" होतं, आणि दोघींनाही अवघड जातं. आधीच सांगा, की मी शिकवणीचे पैसे देणार आहे, ते घेणार असाल तरच येते. हिशेब सरळ ठेवा. त्या दिवशी ती शेतात गेली असती तर मिळाली असती ती मजुरी, सामान आणि सरपणाचा खर्च, आणि त्यावर शिकवण्याचं मोल. शहरात पाककलेच्या एका दिवसाच्या वर्गाला आपण जे भरतो ते डोळ्यांसमोर ठेवा. तिथली शिकवणारी पगारी असते आणि इथली बाई चाळीस वर्षांचा हात घेऊन बसलेली असते. पैसे तिच्याच हातात किंवा तिच्याच खात्यात द्या.

आता एक गोष्ट, जी बहुतेक लेखांत टाळली जाते. उमरग्याचं जेवण असं एकच काही नाही. लिंगायत घरात एक जेवण, मराठा घरात दुसरं, मुसलमान घरात तिसरं, दलित घरात चौथं. ज्या घरी तुम्ही जाल त्या घरचं जेवण शिकाल, साऱ्या गावाचं नाही. जाण्याआधी शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचा. पाटोळे याच जिल्ह्यातले. २०१५ मध्ये आलेल्या या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित समाजांचं खाणं, वजडी, रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, त्यामागची गरिबी आणि कसब, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आपल्या नावाजलेल्या पाककृतींच्या पुस्तकांत या पदार्थांना जागा मिळालेली नाही. हे वाचून गेलात तर निदान 'पारंपरिक मराठवाडी थाळी' असं सरसकट बोलायची चूक होणार नाही.

स्कॉटलंडचा इथे मला फार उपयोग होतो. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुसं बारीक करून त्यात ओट, चरबी, कांदा घालून पोटाच्या पिशवीत शिजवलेला पदार्थ. आपल्याकडच्या वजडीचाच तो भाऊबंद. रॉबर्ट बर्न्स या त्यांच्या लाडक्या कवीने १७८६ मध्ये त्यावर कविता लिहिली आणि आजही २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिवशी, ती म्हणून हॅगिस मानाने ताटात येतं. गरिबाच्या घरात काहीही वाया न घालवण्यातून जन्मलेला पदार्थ त्यांनी देशाचं भूषण केला. आपल्याकडे तसाच पदार्थ करणारी बाई पाहुण्याला "तुमाला चालंल का" असं दबक्या आवाजात विचारते. तुम्ही मांसाहारी असाल तर तिला हे विचारायची वेळ येऊ देऊ नका. आधीच सांगा, की घरात जे होतं ते मी खाते आणि तेच शिकायचंय. शाकाहारी असाल तर तेही आधी सांगा. आणि कुठल्याही घरी गेलात तरी त्यांच्या पंगतीत बसून जेवा, डबा भरून घेऊन निघू नका.

सामान फार लागत नाही. सुती कपडे घाला, चुलीपाशी नायलॉनचा पदर किंवा ओढणी नको. डोक्याला बांधायला रुमाल घ्या. प्यायच्या पाण्याची बाटली घ्या. आणि एक छोटा विजेरी वजनकाटा, एकेक ग्रॅम दाखवणारा. तो कशाला, ते सांगते. काकू मीठ चिमटीने टाकतात, तिखट मुठीने, आणि मध्येच थांबवून "किती टाकलं?" विचारलं की हाताची लय मोडते. त्याऐवजी डब्याचं वजन सुरुवातीला करा, पदार्थ चुलीवरून उतरला की पुन्हा करा. फरक आला की प्रमाण कळलं, आणि त्यांच्या कामात खंडही पडला नाही. मीठ, तिखट, पीठ, तेल, चारही डब्यांचं असंच करा. तेलाचा आकडा बघून दचकू नका. अंबाडीच्या भाजीवर लसणाचं तेल सढळ हाताने ओतावंच लागतं, त्याशिवाय तिचा आंबटपणा आणि त्यातल्या ज्वारीच्या कण्या एकजीव होत नाहीत.

भाकरीकडे वळू या. एका दिवसात एकच गोष्ट शिकायची असेल तर हीच शिका, आणि पूर्ण सकाळ तिला द्या.

ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ग्लुटेन नावाचं जे प्रथिन कणकेला ताण देतं ते ज्वारीत नाही. म्हणून भाकरी लाटायला गेलात की फाटते. तिला बांधून ठेवतो तो पिठातला स्टार्च, आणि तो फुगून चिकट व्हायला उकळतं पाणी लागतं, त्यालाच आधण म्हणतात. शिवाय पीठ ताजं हवं. पंधरा दिवसांवर गेलेल्या पिठाची विरी जाते, मग कितीही मळा, कडा चिरतातच. उमरग्यात ज्या घरी मी शिकले तिथे आठवड्याला लागेल तेवढंच दळून आणतात. धान्य मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं हे रब्बीचं वाण या काळ्या रानांत इतकं रुळलं आहे, की "मालदांडीची भाकर" म्हटलं की पांढरी, गोडसर, मऊ भाकरी असा त्याचा अर्थच झाला आहे. तुम्हाला शहरात मिळतं ते पीठ किती दिवसांचं आहे हे कळत नाही. म्हणून उमरग्याच्या आठवडी बाजारातून पाच किलो मालदांडी घेऊन निघा आणि घराजवळच्या गिरणीत थोडी थोडी दळा.

काकू एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळतात. काठवटीत पीठ, मधे आळं, आळ्यात आधण. पहिल्यांदा उलथन्याने कालवायचं, मग हात सोसेल इतपत निवलं की तळहाताच्या टाचेने रगडायचं. इथेच नवखी बाई घाई करते. गोळा झाला म्हणजे मळून झालं असं तिला वाटतं. काकू त्यानंतरही तितकाच वेळ रगडत राहतात, आणि एका क्षणी पिठाचा रंग किंचित बदलतो, खडबडीतपणा जाऊन तुकतुकी येते. मला त्यांनी ते डोळ्याने बघायला सांगितलं नाही. माझा अंगठा गोळ्यावर दाबला आणि विचारलं, "चिरलं का?" कडेला बारीक चीर पडली होती. आणखी रगडलं. पुन्हा अंगठा. या खेपेला खळगा पडला, चीर नाही. गोळा तयार.

खाली कोरडं पीठ पसरून गोळा थापायचा. थापताना हाताने भाकरी दाबायची नसते. तळवा पडतो आणि उठता उठता ती थोडी फिरवतो, फिरताना बोटं कड सांभाळतात. मधला भाग आपोआप पातळ होतो, कड मात्र जाड राहते, म्हणून लक्ष कडेवर ठेवा. उचलताना भीती वाटते तिथेच ती मोडते. दोन्ही तळव्यांवर घेऊन एका झोकात तव्यावर टाकायची, पिठाची बाजू वर. लगेच वरून पाण्याचा हात फिरवायचा, कोपरा न सुटता. आता थांबा. हे पाणी सुकत आलं पण अजून पूर्ण सुकलेलं नाही, तेव्हा उलटायची. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशिरा उलटली तर भेगाळते आणि फुगत नाही. दुसरी बाजू नीट भाजली की तवा बाजूला आणि भाकरी आराला उभी. चुलीच्या तोंडाशी निखारे ओढून आर केलेला असतो, त्याच्या धगीने ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. तो पापुद्रा उचलून त्यात तेल, काळं तिखट आणि मीठ घालून हातात मिळालं, की शिकवणी पावली.

पहिल्या दोन-तीन भाकऱ्या मोडणार. त्या टाकू देऊ नका, तुम्हीच खा. मोडलेल्या भाकरीचा काला दुधात छान होतो.

ओटची भाकरी करणाऱ्या स्कॉटिश घरात हेच सगळं दुसऱ्या रूपात भेटतं. तिथेही चिकटपणा नसलेलं धान्य, तिथेही गरम पाणी आणि थोडी चरबी, तिथेही निवायच्या आत हात चालवायची घाई आणि तिथेही जाड लोखंडी सपाट तवा. १९२९ मध्ये मॅरियन मॅकनील यांनी स्कॉटिश घराघरांतलं हे ज्ञान 'द स्कॉट्स किचन' या पुस्तकात गोळा केलं, ते विसरलं जाईल या काळजीने. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि हजारो घरांना त्याने शिकवलं. पण उमरग्याच्या भज्जी-आंबिलीचं असं सर्वांच्या हाती पडलेलं पुस्तक मला माहीत नाही. ते ज्ञान अजून बायकांच्या हातांत आहे, म्हणून तर तिथे जायचं.

येळवशीला गेलात तर एक दिवस पुरत नाही, दोन दिवस काढा. सणाच्या आदल्या दिवशी दुपारपासून घरात शेंगांचे ढीग पडतात: तुरीच्या, वाटाण्याच्या, वालाच्या, हरभऱ्याचे घाटे. सगळ्या बायका, पोरं, शेजारणी गोल करून सोलत बसतात. ही तुमची खरी शाळा. इथे बसलात की कुठल्या दाण्याला शिजायला वेळ लागतो, कोण आधी पडतं, चुका किती घालायचा, चिंच किती, यावर वाद ऐकायला मिळतात, आणि ते वाद म्हणजेच कृती. मध्यरात्रीनंतर भज्जी चढते. मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, वांगं, गाजर, सगळे ओले दाणे, भुईमुगाचे दाणे, चिंच, लसूण-मिरचीचं वाटण आणि शेवटी बेसन लावून घट्ट केलेली ही भाजी. बेसन लावण्याचा क्षण चुकवू नका. एक जण पातळ कालवलेलं बेसन ओतते आणि दुसरी न थांबता घोटते. हात थांबला की गुठळी. भज्जी दोन बायकांची आहे, एकटीने करायची नाही, हे तिथेच कळतं.

आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ आधीच ताकात भिजवून आंबवलेलं असतं. ते शिजवून, निववून, पुन्हा ताकात सैल करायचं, त्यात लसूण, आलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. किती आंबवायचं हे थंडीवर ठरतं, म्हणून घरी परतल्यावर घड्याळ बघू नका, वास घ्या आणि चाखा. सोबत ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकऱ्या, गव्हाची खीर. सकाळी हे सगळं डोक्यावर घेऊन शेतात जायचं. तिथे कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी असते, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात, उभ्या पिकात आंबील शिंपतात. मग वाटेवरच्या ओळखी-अनोळखी माणसाला हाक मारून जेवायला बसवतात. जिल्हा प्रशासन या दिवशी स्थानिक सुट्टी देतं आणि गावं ओस पडतात. पूजा चालू असताना मोबाइल खिशात ठेवा. जेवणानंतर हुरडा निघाला तर आगटीपाशी जरूर बसा. कणीस भाजणं आणि तळहातावर चोळून दाणे काढणं, हेसुद्धा शिकण्याचंच काम आहे, आणि त्यात तळवे भाजतात.

काळ्या तिखटाविषयी थोडंच सांगते, कारण ते एका भेटीत येत नाही. मिरच्या, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र टाकलं की तीळ करपतात आणि धने कच्चे राहतात, एवढं लक्षात ठेवा आणि कांडपाच्या गिरणीपर्यंत त्यांच्याबरोबर जा. येसर मात्र घरी करून बघता येतो. भाजलेली धान्यं, हरभऱ्याची डाळ आणि मसाले एकत्र दळून ठेवायचे, आमटीला उकळी आली की दोन चमचे पाण्यात कालवून सोडायचे. लग्नाच्या पंगतीतली मराठवाडी आमटी दाट आणि खमंग असते ती यामुळे.

चित्रण आणि फोटो याविषयी माझं मत ठाम आहे. पहिल्या दिवशी नको. कॅमेरा समोर आला की काकू पदर सावरतात, चांगली भांडी काढतात, चूल सोडून गॅसकडे वळतात आणि त्यांचा हात बिचकतो. दुसऱ्या भेटीत, त्या हो म्हणाल्या तर, फक्त हातांचं चित्रण करा. ते कुठे टाकणार असाल तर आधी विचारा आणि त्यांचं नाव घालायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या.

जेवण झालं की शिकवणी संपली असं समजून उठू नका. भांडी घासायला बसा. धाराशिवच्या उन्हाळ्यात एका घमेल्यातल्या पाण्यात बारा माणसांची भांडी कशी निघतात हे बघण्यासारखं आहे. आधी राखेने कोरडीच घासून घ्यायची, मग एक पाणी, आणि तेच पाणी परसातल्या कढीपत्त्याला. मी नळ सोडून विसळायच्या सवयीने तांब्या भरभरून ओतत होते. घरातल्या सुनेने हळूच तांब्या माझ्या हातातून घेतला आणि स्वतः अर्धाच भरून दिला, बोलली काही नाही.

घरी परतल्यावर आठ दिवसांच्या आत करून बघा, त्याहून उशीर केला की हात विसरतो. गॅसवर आर मिळत नाही. तेव्हा जाड लोखंडी तवा घ्या, भाकरी दोन्ही बाजूंनी नीट भाजू द्या आणि शेवटी चिमट्याने न उचलता सरळ ज्योतीवर सरकवा. नाही फुगली तर पहिला संशय पिठाच्या वयावर घ्या, दुसरा मळण्यावर आणि अगदी शेवटी तव्यावर. आणि अडलं की काकूंना फोन करा, त्यांना आवडतं.

मी केला होता. भाकरीच्या कडा पुन्हा पुन्हा चिरत होत्या. मी पीठ सांगितलं, पाणी सांगितलं, त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "फोन परातीपाशी ठेव आन् थाप." मी ठेवला आणि थापायला लागले. पाच-सहा थापा झाल्या असतील. "कोरडं वाजलालंय," त्या म्हणाल्या, "अजून एक हात पाणी लाव अन् रगड." मी गोळा मोडून पुन्हा मळला.